एकोणीस तारखेचा चहा

बबनरावांच्या ऑपरेशननं वडगाव रासाईच्या लोकांची घोर निराशा केली. म्हाताऱ्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, पोटातली रक्ताची मुख्य नळी फुग्यासारखी फुगलीय, वाचतोय की जातोय काही सांगता येत नाही, अशी बातमी चार दिवस गावात फिरत होती. बायकांनी तर कोणतं लुगडं नेसून भेटायला जायचं इथपर्यंत तयारी केली होती. आणि पाचव्या दिवशी म्हातारा स्वतःच्या पायांनी जीपमधून उतरला. बघायला आलेल्यांना दाखवायला त्याच्याकडे काय होतं, तर दोन्ही जांघांत बोटाच्या पेराएवढी एकेक खूण. तीही चारचौघांत दाखवायच्या जागी नव्हे.

"बास? एवढंच?" शेजारची तानुबाई म्हणाली. "माझ्या अपेंडिसला याच्या चौपट टाकं पडलं व्हतं!"

सगळे हसले, बबनरावही हसले. त्यांची बायको ताईबाई तेवढी हसली नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिनं जे पाच तास काढले होते, ते तिच्या अंगातून अजून उतरले नव्हते.

बबनराव म्हणजे गावच्या लिफ्टचे फिटर. इमारतीतली वरखाली जाणारी लिफ्ट नव्हे. भीमेच्या काठावरच्या विहिरीतून, म्हणजे जॅकवेलमधून, पाणी उचलायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून साडेतीन किलोमीटर लांब माळावरच्या उसा-गव्हाला द्यायचं, त्या सहकारी योजनेला गाव लिफ्ट म्हणतं. चौऱ्याहत्तर साली ही लाइन टाकली तेव्हा बबनराव बेचाळीस वर्षांचे होते आणि चर खणायला मजुरीवर होते. ठेकेदाराचा एक मद्रासी मिस्त्री होता. त्याला मराठी येत नव्हती आणि बबनरावांना त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे शिकवणी मुकाट्यानं आणि उत्तम झाली. पुढं मिस्त्री गेला, ठेकेदार गेला, लाइनीचा नकाशा सोसायटीच्या कपाटात उंदरांनी खाल्ला. कुठल्या बांधाखालून पाइप वळतो, कुठं फाटा फुटतो, पाइपांच्या सांध्यावरची कुठली कॉलर कच्ची आहे, हे सगळं मग एकट्या बबनरावांच्या डोक्यात उरलं.

गळती शोधायची त्यांची रीत न्यारी होती. ते लाइनीवरून अनवाणी चालत जायचे. शंका आली की पाइपाला भिडेपर्यंत पहार जमिनीत रोवायचे, पहारीच्या वरच्या टोकाला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. भोवती पंधरा माणसं श्वास धरून उभी. मग बबनराव म्हणायचे, "हितं न्हाई. धा पावलं फुडं खणा." दहा पावलांवर खणलं की पाणी निघालंच. अकरावं पाऊल कधी लागलं नाही.

त्यांची आई गावच्या विहिरीच्या कडेला रिकामी घागर ठेवून बसायची. कुणी बाई वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरायची, नाही ओतलं तर नाही. आता त्याच गावातलं सगळं पाणी तिच्या पोराच्या हाताखालून जात होतं. बबनराव हे कधी बोलून दाखवत नसत. ताईबाई मात्र दाखवायची. तिला त्याचा मोठा अभिमान होता आणि तो लपवायची अक्कल तिच्याकडे नव्हती, असं तीच पुढं म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिला सलायची. लिफ्टचे चेअरमन हौसराव. माणूस वाईट नव्हता. त्यांचे वडील बबनरावांना "बबन्या" म्हणत, हौसराव "मामा" म्हणत. लाइन बिघडली की स्वतः बुद्धविहारामागच्या आळीत येऊन दारात उभे राहत. ताईबाई दरवेळी विचारायची, "आबा, च्या टाकू का?" आणि हौसराव दरवेळी म्हणायचे, "आत्ताच झाला, ताईबाई." सकाळी झालेला असायचा, दुपारी झालेला असायचा, संध्याकाळी तर झालेला असायचाच. बत्तीस वर्षांत या माणसाला एकदाही चहाची तहान लागली नाही. वरच्या आळीत मात्र दर पायरीवर बसून ते कपबशी वाजवताना दिसायचे. ताईबाई दरवेळी विचारायची, कारण न विचारणं तिच्या रीतीत बसत नव्हतं, आणि दरवेळी आत जाऊन चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढायची.

तर ते दुखणं. दोन हजार सहाचा वैशाख होता. बबनरावांची पाठ दुखायची, पोट गच्च वाटायचं. ताईबाई एरंडेल घेऊन पोट चोळायला बसली आणि बेंबीच्या वर तिच्या हाताला काहीतरी लागलं. संत्र्याएवढं, आणि उडणारं. तिनं हात मागं घेतला.

"अवं, तुमचं काळीज खाली आलंया!"

"येडी का खुळी तू? काळीज कुठं खाली येतंय?"

पण दौंडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. जड उचलू नका, वाकू नका, उद्याच्या उद्या पुण्याला न्या, असं ते म्हणाले. मुलगा संघर्ष रांजणगावच्या कंपनीत पर्मनंट होता, मेडिक्लेममध्ये त्यानं आईबापाची नावं घातलेली होती. दुसऱ्या दिवशी तिघं पुण्याला पोचली.

पुण्याचे डॉक्टर शांत होते आणि घाई करत नव्हते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. हृदयातून निघालेली मोठी नळी पोटात उतरते, तिथं तिची भिंत म्हातारपणानं आणि पन्नास वर्षांच्या विडीनं पातळ झालीय, रक्ताच्या दाबानं फुगलीय. फुटली तर दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही. पोट उघडून नवी नळी शिवता येते, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी आणि असल्या फुप्फुसांनी ते टेबलावरून उठतील याची खात्री देता येत नाही. दुसरा रस्ता असा, की जांघेत बारीकसा छेद घ्यायचा, तिथल्या नळीतून तारेवरून घडी केलेली कापडी नळी वर सरकवायची आणि जागेवर पोचली की उघडायची. रक्त नव्या नळीतून वाहील आणि जुन्या भिंतीवर दाब येणार नाही.

संघर्षचा चेहरा पडला होता. बबनरावांचा मात्र उजळला.

"म्हंजी लाइनीत लाइन घालायची," ते म्हणाले.

"अगदी तसंच, आबा."

"आन् जुन्या लाइनीला बारकं फाटं असत्याल, त्यांचं काय? त्यातनं पाणी उलटं येऊन फुगवट्यात शिरलं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हा प्रश्न मला माझे विद्यार्थीसुद्धा विचारत नाहीत," ते म्हणाले. "तसं होतं कधीकधी. म्हणून तर जिवंत असेपर्यंत ठरल्या तारखेला येऊन आतला फोटो काढायचा."

या वाक्याचा पहिला भाग बबनरावांनी पुढं सगळ्या गावाला ऐकवला. जॅकवेलवर ऐकवला, सोसायटीत ऐकवला, निमोण्याच्या पाहुण्यांना दोनदा ऐकवला. दुसरा भाग ऐकवण्यासारखा नव्हता, म्हणून तो राहिला.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर ताईबाईनं पहिल्या सकाळी घाबरत घाबरत त्यांच्या पोटावर तळवा ठेवला. आत काहीही उडत नव्हतं. पोट गप्प होतं. तिला रडू आलं. बबनराव म्हणाले, "कान लावून ऐक की, पहार आणू का?" आणि ती रडता रडता हसली. तेव्हापासून रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी तळवा ठेवायचा, हा तिचा नेमच झाला.

महिन्यानं पहिला फोटो काढला. डॉक्टरांनी दिव्यासमोर काळी फिल्म धरली आणि पाठीच्या बाजूला एक पांढरा ठिपका दाखवला. "तुम्ही म्हणाला होता ना आबा, तेच आहे. एका बारीक फाट्यातून थोडं रक्त उलटं येतंय. आत्ता हात लावायचा नाही. बऱ्याच वेळा अशी गळती आपोआप बुजते. पण सहा महिन्यांनी फुगवटा वाढलाय का ते बघायचंच. ही तारीख चुकवायची नाही." कार्डावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, १९ डिसेंबर, आणि त्याभोवती गोल केला.

परतीच्या एसटीत बबनराव खुशीत होते. भीमेचं पाणी गढूळ. कॉलरच्या फटीतून थेंब थेंब पाझर लागला तर ते कधी खणत नसत. आठपंधरा दिवस जाऊ द्यायचे, गाळ येऊन फटीत बसतो आणि पाझर बुजतो. तीस वर्षांत असे शेकड्यांनी पाझर त्यांनी हात न लावता बुजलेले बघितले होते. उगाच खणायला गेलं तर चांगली कॉलर हलते, हा त्यांचा अनुभव.

"रगत तर पाण्यापरास दाट," ते म्हणाले. "गाळ बसंल गच. डाक्टरबी तेच म्हनला."

ताईबाईला ते पटलं. कुणाला पटलं नसतं? पाइपाचा विषय निघाल्यावर बबनरावांशी वाद घालणारं माणूस त्या गावात जन्माला आलं नव्हतं. डॉक्टर दोन वाक्यं बोलले होते. त्यातलं एक दोघांनी घरी आणलं आणि दुसरं कार्डावरच्या गोलात राहिलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. बबनराव पहिल्यासारखे लाइनीवर जाऊ लागले. खणायचं काम भिमाजी नावाचा त्यांचा जोडीदार करायचा, पन्नाशीचा, अंगानं दांडगा आणि कानानं ढ. ऑपरेशन झालेल्या माणसाला जपायचं असतं हे लोकांनाही आठवेना, कारण आठवावं असं अंगावर काही दिसतच नव्हतं.

मग एकोणीस डिसेंबर उजाडला.

सातची एसटी होती. बबनराव दाढी करून, पांढरं धोतर नेसून तयार होते. फिल्मांचं मोठं पाकीट आणि कार्ड ताईबाईनं पिशवीत घातलं होतं. संघर्षनं मिनतवारीनं सुट्टी काढली होती. रांजणगावहून तो मोटारसायकलनं परस्पर दवाखान्यात यायचा होता. सव्वासहाला दारात दुसरीच मोटारसायकल थांबली. हौसराव होते आणि मागं भिमाजी.

"मामा, मेन लाइन गेली," हौसराव म्हणाले. "रातीपास्नं प्रेशर पडलंय. पाणी कुठं निघतंय पत्ता लागंना. भिमाजीनं तीन ठिकाणी खणलं, तिन्ही जागा कोरड्या."

"आबा, आज माझी दवाखान्याची तारीख हाय," बबनराव म्हणाले. ते म्हणाले होते. ताईबाईला ते नंतर शंभरदा आठवलं.

"व्हय का? मग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," हौसराव म्हणाले. तेही तसं म्हणाले होते. पण निघाले नाहीत. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. माळावर सगळ्या गावाचा गहू पाण्याला आला होता, त्यांच्या डोळ्यांत रात्रभराचं जागरण होतं. ते खाली बघत पायरीवर बसले आणि म्हणाले, "ताईबाई, वाईच च्या टाका."

ताईबाईला आधी वाटलं, आपण ऐकलं ते खरं नाही. मग ती आत धावली. संघर्षनं दिवाळीला आणलेल्या फुलांच्या कपबश्या अजून खोक्यातच होत्या, त्या तिनं काढल्या. दूध नव्हतं. ती तानुबाईच्या दारात गेली आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "वाटीभर दूध दे गं! हौसआबाला च्या करायचाय!" आळीतली चार डोकी दारांतून बाहेर आली. तिनं आलं घातलं, साखर दोनदा घातली. हौसरावांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि सगळ्या आळीच्या देखत प्यायले. "झ्याक झालाय," ते म्हणाले.

तेव्हा बबनरावांनी ताईबाईकडे बघितलं. नुसतं बघितलं. तू सांग, असं ते बघणं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी निर्णय तिच्यावर सोडल्याचे प्रसंग हातांच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यातला हा एक.

"जा की," ताईबाई म्हणाली. "चार दिसानं जाऊ दवाखान्यात. दवाखाना कुठं पळून चाललाय?"

हौसरावांच्या मोबाइलवरून संघर्षला फोन लावला. तो शिक्रापूरपर्यंत पोचला होता. तो इतक्या जोरानं ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आई, त्यांना एसटीत बसव! लाइन उद्या हुईल!"

"आरं, गाव दारात आलंय," ताईबाई म्हणाली. "च्या प्याले हौसआबा आपल्यात. आता न्हाई कसं म्हणायचं?"

पलीकडून "बरं," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

अकरा वाजता बबनरावांनी ओढ्याच्या वळणावर पहार रोवली, कान लावला आणि बारा वाजता फुटलेला पाइप उघडा पडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताईबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते चिखलात उभे होते आणि हौसराव वरून त्यांना हात देत होते. खोटं कशाला सांगायचं, वर्षभरात ती एवढी सुखी कधी नव्हती. बांधावर बसून तिनं ते डोळे भरून बघितलं.

चार दिवसांचे सत्तर दिवस झाले. दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाईनं सांगितलं, सर परदेशी चाललेत, तब्येत ठीक असेल तर सत्तावीस फेब्रुवारीला या, त्रास असेल तर लगेच या, दुसरे डॉक्टर बघतील. त्रास काही नव्हता. गाळ बसला असणार, असं बबनराव म्हणाले.

जानेवारीत एका सकाळी ताईबाईनं तळवा ठेवला आणि तो तिथंच थबकला. आत उडत होतं. पहिल्याइतकं नाही, पण उडत होतं.

"अवं, परत लागतंय हाताला."

"गाळ बसताना पाणी धडका देतंच," बबनराव म्हणाले. "तुझा हात थंडीनं बधिर झालाय."

तिला ते खरं वाटलं नाही. पण खरं मानलं तर बरं वाटत होतं, म्हणून तिनं मानलं. संघर्षला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं तळवा ठेवायचा नेमच मोडला. हे तिनं पुढं कितीतरी दिवस कुणालाही सांगितलं नव्हतं.

आठ फेब्रुवारीला दुपारी ती भाकरी घेऊन माळावर गेली तेव्हा बबनराव चेंबरच्या कट्ट्याला टेकून बसलेले होते. तोंडावर घाम, रंग राखेचा. भिमाजी पाणी आणायला धावला होता. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

"ताई," ते म्हणाले. एरवी ते तिला नावानं हाक मारत नसत. "आतली लाइन गेली गं. न्हाई बसला गाळ."

हौसरावांची जीप आली. दौंडच्या रस्त्याला लागले. हौसराव स्वतः गाडी हाकत होते, हॉर्नवरचा हात काढत नव्हते. भीमेचा पूल आला तेव्हा मांडीवरचं डोकं जड झाल्याचं ताईबाईला कळलं. तिनं गाडी थांबवायला सांगितलं नाही. दौंडपर्यंत तिनं त्यांच्या पोटावर तळवा तसाच ठेवला. आता तिथं काहीच उडत नव्हतं.

सगळं गाव मातीला आलं. वरची आळी आली, खालची आली. विहारात वंदना झाली, पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. सोसायटीनं फोटो लावला. बबनरावांसारखं मरण यावं, कामावर असताना, कुणाच्या हातापाया न पडता, असं लोक म्हणत होते. ऐकून ताईबाईला वाटायचं, यांच्या तोंडावर चुलीतली राख फेकावी.

सत्तावीस फेब्रुवारीला ती पहाटे उठली, लुगडं बदललं आणि पिशवीत फिल्मांचं पाकीट आणि कार्ड घातलं.

"आई, आता कुठं?" संघर्षनं विचारलं. तो दुखवट्याच्या रजेवर होता.

"तारीख दिलीया."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या.

दवाखान्यात तिनं नंबर लावला. दोन तास बाकड्यावर बसली. बाईनं पुकारलं, "बबन धोंडिबा रणपिसे!" तशी ती उठली. डॉक्टरांनी हसून तिच्या मागं बघितलं. "या. आबा कुठायत? आज काय प्रश्न आणलाय त्यांनी?"

संघर्षनं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रश्न म्या आणलाय," ताईबाई म्हणाली. "ते म्हणायचे गळती गाळ बसून आपसूक बुजंल. ते चुकीचं व्हतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "चुकीचं नव्हतं. बऱ्याच जणांची बुजते. कुणाची बुजतेय आणि कुणाची नाही, ते बाहेरून कळत नाही. बघावंच लागतं."

ताईबाईला बरं वाटलं. आपला माणूस अडाणी नव्हता. मग तिनं ज्यासाठी ती आली होती ते विचारलं.

"एकोणीस तारखेला आणलं असतं, तर दिसलं असतं?"

संघर्ष म्हणाला, "आई, जाऊ दे." डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायला त्यांना सहज जागा होती आणि ते क्षणभर तिथं थांबलेही असावेत.

"बहुधा दिसलं असतं," ते म्हणाले. "फुगवटा वाढलेला असणार."

"आन् मग?"

"तसाच बारीक छेद घेऊन तो फाटा आतून बंद करायचा प्रयत्न करता आला असता. बऱ्याचदा जमतं."

"लई बरं झालं, खरं सांगितलंत," ताईबाई म्हणाली. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि नमस्कार केला. जिना उतरताना संघर्षनं तिचा दंड धरला. तेव्हा ती रडली आणि त्या रडण्याचा आवाज तिन्ही मजल्यांवर गेला. संघर्ष तिला एका शब्दानंही बोलला नाही, आणि तो बोलत नाही हेच तिला सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसराव आले. लाइन गळत होती आणि भिमाजीला जागा सापडत नव्हती. पण ते आधी त्याबद्दल बोलले नाहीत. आता ते पायरीवर बसत नसत. सरळ आत येऊन बबनरावांच्या खाटेवर बसत. दहा दिवसांत ते चार वेळा आले होते आणि चारही वेळा स्वतः होऊन म्हणाले होते, "ताईबाई, च्या ठेवा." आजही म्हणाले.

तिनं चहा ठेवला. तीच फुलांची कपबशी धुऊन घेतली. चहा त्यांच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसली.

"मामा कवा काय बोलले व्हते का, वरच्या फाट्याचं?" हौसरावांनी विचारलं. "कच्ची कॉलर कुठं हाय म्हणून?"

"व्हय. बाभळीपास्नं नदीकडं चाळीस पावलं. ते म्हणायचे, तिथं गाळ बसत न्हाई. तिथं खणावंच लागतंय."

हौसरावांनी मान हलवली. चहा बशीत ओतला.

"आबा," ताईबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून हौसराव बशी तोंडाला लावता लावता थांबले. "म्या डाक्टरकडं जाऊन आले. एकोणीस तारखेला गेलो असतो तर बहुतेक वाचलं असतं. तुमचा दोष न्हाई. तुमी ऱ्हाऊ द्या म्हणाला व्हता. म्याच जा म्हणाले. च्या तुमी मागितला, आन् मी भुलले."

हौसराव खाटेच्या कडेला सरकले.

"बत्तीस वरसं तुमी आत्ताच झाला म्हणायचा," ती म्हणाली. "त्या दिशीबी म्हणायचं व्हतं, आबा. एवढं एकदा म्हणायचं व्हतं."

हौसरावांना बशी तोंडाला लावता येईना आणि खालीही ठेवता येईना. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. ताईबाईनं पदर सावरला आणि त्यांच्यासमोर तशीच बसून राहिली.

"प्या," ती म्हणाली. "गार व्हतोय."